घेणाऱ्याचे माप

डहाणू रोडच्या बाजारपेठेत किराणा, धान्य वा कापडाचा व्यवसाय करणाऱ्या घरांना एक विद्या गल्ल्यावर बसूनच अवगत होते. पायरीशी उभे असलेले गिऱ्हाईक कोणत्या बाजूच्या पाड्यावरून आले आहे, हे त्याच्या बोलीवरून कळते. मृग लागण्यापूर्वी खडे मीठ, प्लॅस्टिकचा कागद आणि छत्र्या किती भरून ठेवाव्यात, चैत्रातील महालक्ष्मीच्या यात्रेआधी कोणत्या रंगाचे कापड खपते, कापणीनंतर हाती पैसा आलेला माणूस आधी कोणती उधारी फेडतो, हे सारे ठाऊक असते. गिऱ्हाइकाला नको असलेला माल भरण्याची चूक व्यापारी एकदा करतो. दुसऱ्यांदा करणे त्याला परवडत नाही.

हाच व्यापारी दान करण्यासाठी त्याच गिऱ्हाइकाच्या पाड्यावर जातो, तेव्हा ही विद्या बहुधा दुकानातच राहते. काय न्यायचे, किती न्यायचे, केव्हा न्यायचे हे घरच्यांच्या सोयीने ठरते. मुलाचा वाढदिवस असतो, वडिलांची पुण्यतिथी असते, कोणाचे मोठे तप पूर्ण झालेले असते. अलीकडे आणखी एक निमित्त वाढले आहे. अँटवर्प, लंडन किंवा न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या नातलगांची मुले नाताळच्या सुट्टीत मायदेशी येतात. तेथील शाळा-महाविद्यालयांत स्वयंसेवेला महत्त्व असते. मुलांनी गरिबी जवळून पाहावी, सेवेचा संस्कार घ्यावा, अशी आईवडिलांचीही मनापासून इच्छा असते. मग एक दिवस ठरतो, टेम्पो भरला जातो आणि गाडी लोहमार्ग ओलांडून पूर्वेकडे निघते.

लोहमार्गाच्या पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या. पूर्वेला डोंगर, भातखाचरे आणि आदिवासींचे पाडे. तलासरी तालुक्यात तर २०११ च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांपैकी सुमारे नऊ अनुसूचित जमातींची आहेत. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, काथोडी अशा समाजांची ही भूमी. गाव म्हणजे एक सलग वस्ती, अशी येथे रचना नाही. एकेक गाव अनेक पाड्यांचे असते, आणि दोन पाड्यांमध्ये एखादा ओढा, एखादी टेकडी किंवा तासाभराची वाट असते.

टेम्पो थांबतो तो डांबरी रस्ता संपतो तेथे. पुढे चाक जात नाही. रस्त्यालगतच्या पाड्यावरची माणसे जमतात. रांग लावा, अशी सूचना होते. दुपारचे ऊन असते. आधी दोन शब्दांचे भाषण, मग छायाचित्र, मग वाटप. रांग संपण्याआधी पिशव्या संपतात किंवा पिशव्या संपण्याआधी रांग मोडते. ज्याला मिळाले नाही तो रागावतो. ज्याला मिळाले तो दुसऱ्यांदा येऊन उभा राहतो. परदेशातून आलेली मुलगी बावरून जाते. परतीच्या वाटेवर गाडीत कोणीतरी म्हणते, “या लोकांना शिस्तच नाही.” त्या एका वाक्यात दिवसभराचे पुण्य वाहून जाते, कारण मुलगी जो संस्कार घेण्यासाठी आली होती, त्याच्या नेमका उलट संस्कार घेऊन ती परत जाते.

वस्तुतः शिस्त मोडली ती वाटपाच्या मांडणीने. तीस पिशव्यांसाठी ऐंशी माणसे उन्हात उभी केली, तर कोणत्याही शहरात, कोणत्याही समाजात हेच घडेल. हे सारे कसे टाळावे, याचा विचार परंपरेने फार पूर्वी करून ठेवला आहे. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही आम्नायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात दानाचे फळ चार गोष्टींवर अवलंबून असते असे सांगितले आहे: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. देण्याची रीत कशी होती, दिलेली वस्तू कोणती होती, देणाऱ्याचे मन कसे होते आणि घेणारा कोण होता. हे चार शब्द सहसा मुनींना द्यावयाच्या आहाराच्या संदर्भात प्रवचनातून ऐकू येतात. तलासरीच्या पाड्यावर टेम्पो नेणाऱ्यालाही ते तितकेच उपयोगी पडतात.

आधी द्रव्य. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जेवण म्हणजे भात, तांदळाची वा नागलीची भाकरी, उडीद-तुरीची डाळ, मिरची, मीठ. गव्हाच्या पिठाची पोळी हे तेथील रोजचे अन्न नव्हे. तरीही मदतीच्या पिशवीत गव्हाचे पीठ आणि बिस्किटांचे पुडे ठरलेले असतात. गोडे तेल, मीठ आणि डाळ यांचे प्रमाण मात्र तुटपुंजे. कपड्यांचेही तेच. कपाट रिकामे करताना निघालेले काठ विरलेले शालू, जरीचे जड घागरे, बटण तुटलेले कोट पाड्यावर पोचतात. शेतात चिखलणी करणाऱ्या बाईने ते नेसावेत कसे, हा प्रश्न बांधाबांध करताना कोणाला सुचत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. देणाऱ्यांची भावना खोटी नव्हती. पण घेणाऱ्याचे माप कोणी घेतले नव्हते.

द्रव्याइतकाच काळही महत्त्वाचा. दिवाळीच्या सुमारास व्यापारी घरांत आनंद असतो, हात सैल असतो, म्हणून वाटप तेव्हा होते. पण त्याच सुमारास पाड्यावर नवे भात घरात आलेले असते. कापणी-झोडणी आटोपली की धडधाकट स्त्री-पुरुष वीटभट्ट्यांवर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत, गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून कामाला जातात. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना पाड्यावर म्हातारी माणसे आणि लहान मुले अधिक दिसतात, ती यामुळे. खरी ओढ लागते ती आषाढ-श्रावणात. साठवलेले दाणे सरत आलेले असतात, नवे पीक शेतात उभे असते, पावसामुळे मजुरी थांबते आणि ओढे भरल्याने वाट बंद होते. त्या दिवसांत रानातले कडू कंद वारंवार उकळून, कडूपणा घालवून खाण्याची पद्धत या भागात जुनी आहे. हा काळ चातुर्मासाचाच आहे. संयमाचा आणि त्यागाचा जो काळ समाज सर्वांत श्रद्धेने पाळतो, तोच शेजारच्या पाड्यावर उपासमारीचा असतो. दानाचा दिवस दिवाळीतून आषाढात आणला, तर एक पैसाही अधिक न खर्चता त्याचे मोल वाढेल.

कंदांचा उल्लेख आला, तेव्हा एक नाजूक गोष्टही बोलून घेणे योग्य ठरेल. जैन दाता आपल्या व्रताला न शोभणारी वस्तू देणार नाही, हे स्वाभाविक आहे आणि तसा आग्रह कोणी धरतही नाही. मीठ, तेल, तांदूळ, डाळ, औषध, पांघरूण देण्यात कोणतेही व्रत आड येत नाही. मात्र आपले व्रत ही दुसऱ्याच्या घासावरची अट होऊ नये. मासळी सोडाल तर धान्य देऊ, असे म्हटले की ते दान राहत नाही, तो सौदा होतो. आणि तोही अशा माणसाशी, ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही. आचरण पाहून कोणाला अहिंसा पटली, तर ती त्याची स्वतःची असेल. पिशवीसाठी पटवून घेतलेली अहिंसा पिशवीबरोबरच संपते.

आता विधी. या भागात श्रीमंताने दारी आणलेल्या धान्याला एक इतिहास आहे, आणि तो जाणल्याशिवाय येथील दानाचा विधी समजणार नाही. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की आदिवासी कुटुंब जमीनदाराकडून वा सावकाराकडून धान्य उसने घेई. त्याला खावटी म्हणत. कापणीनंतर ती वाढीसह परत करावी लागे आणि अनेकदा नवे पीक खळ्यावरूनच निघून जाई. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण पत्नीसह धन्याकडे राबू लागे. त्याला लग्नगडी हे नाव होते. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठीचे काम यापुढे करायचे नाही, असा निर्धार झाला. त्या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिली असून त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्या काळच्या जमीनदार-सावकारांत निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे होती. व्यापारी समाजांना त्यातून आपली नावे पूर्णपणे वगळता येणार नाहीत. आजच्या पिढीवर त्याचा दोष येत नाही, परंतु त्याची जाणीव ठेवण्याचे दायित्व मात्र येते. ज्या दारात आजोबांना धान्यासाठी हात पसरावा लागला, त्याच दारात नातवाला पुन्हा रांगेत उभे करून त्याचे छायाचित्र काढले जाते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता का दिसत नाही, असे विचारण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

गुप्तदानाची जी महती घराघरांत सांगितली जाते, तिचे कारण येथे स्पष्ट होते. देणाऱ्याचा अहंकार वाढू नये, हा तिचा एक हेतू. घेणाऱ्याचे मुख झाकले जावे, हा दुसरा. पाड्यावरच्या रांगेचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणारा दोन्ही हेतू एकाच वेळी मोडतो. घरी आलेल्या पाहुण्याला जेवू घालताना आपण त्याचे छायाचित्र काढून नातलगांना धाडत नाही. बहिणीच्या सासरी पाठवताना लाज वाटेल, अशी साडी पाड्यावरही पाठवू नये. विधी याहून फार वेगळा शिकावा लागत नाही.

दात्याविषयी बोलताना परदेशातून येणाऱ्या तरुणांकडे पुन्हा वळावे लागते. त्यांच्यापैकी कित्येक जण इतर देशांतही स्वयंसेवेसाठी जातात. पूर्व आफ्रिकेत तर जैन कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत, आणि नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत जगभरचे स्वयंसेवक येत असतात. केनियात बाहेरून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांना मितुंबा म्हणतात. त्या व्यापारावर आज अनेकांची पोटे भरतात. पण तेथील कापडधंदा आणि शिवणकाम रोडावण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांत या कपड्यांचाही समावेश होतो. फुकट किंवा अतिस्वस्त माल बाजारात ओतला की स्थानिक विक्रेत्याचे काय होते, हे व्यापारी घरातील मुलाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याने तोच हिशेब डहाणूतही मांडावा. वाटपाचे तांदूळ मुंबईहून ट्रकने आणण्याऐवजी पाड्याजवळच्या आठवडी बाजारातून वा तेथल्याच शेतकऱ्याकडून घेतले, तर त्याच पैशांचे दान दोनदा घडते.

दोन आठवड्यांसाठी आलेल्या तरुणाला वारली बोली येत नाही, अनेकदा मराठीही येत नाही. तो विहीर खणू शकत नाही आणि शिकवायला लागला तर नावे पाठ होईपर्यंत परतीचा दिवस उजाडतो. म्हणून त्याने येऊच नये असे नाही. त्याने आधी ऐकण्यासाठी यावे. जो पहिल्या वर्षी काहीही न वाटता पाड्यावर चार दिवस फिरला, ज्याने अंगणवाडी सेविकेच्या शेजारी बसून तिचे काम पाहिले, त्याने दुसऱ्या वर्षी परदेशातूनच पाठवलेली मदत अधिक नेमकी असेल.

अंगणवाडी हा शब्द येथे सहज आला, पण त्याचे माहेर याच परिसरात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला रानात जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागून कुरणात गेली आणि कुरणशाळा जन्माला आली. महागड्या परदेशी शैक्षणिक साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने आली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाड्यांच्या नावामागे ही डहाणूच्या किनाऱ्यावरची साधी सुधारणा आहे. ताराबाई आणि अनुताईंनी मुलाचे माप आधी घेतले, शाळा नंतर शिवली.

जैन समाजाने उभ्या केलेल्या कामांतही हीच रीत यशस्वी झालेली दिसते. देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. ती देते तो जयपूर फूट रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून घडला होता. आपल्याकडचा माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात उतरतो, हे ध्यानी घेऊन तो बनवला गेला. प्रत्येकाचे माप स्वतंत्र घेतले जाते. समितीची शिबिरे अनेक देशांत झाली, ती याच गुणामुळे. दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. भूकंपाची बातमी जुनी झाल्यावरही ती मुले शिकत राहिली. वाटप एका दुपारी संपते. जबाबदारी वर्षानुवर्षे चालते.

भूकंप डहाणू-तलासरीलाही नवा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. ऐन थंडीत लोक घराबाहेर झोपू लागले आणि प्रशासनाने तंबू पुरवले. हे दिवस कापणीनंतरचे होते. भीती भुकेपेक्षा छताची होती. अशा वेळी शिध्याच्या पिशवीहून गरम पांघरूण, ताडपत्री, विजेरी आणि तडे गेलेली भिंत पाहून सल्ला देणारा जाणकार यांची निकड मोठी असते. कारवीच्या कुडाची हलकी भिंत धक्क्यात पडली तरी माणूस वाचण्याची शक्यता अधिक. आधार न देता रचलेली विटांची भिंत कोसळली तर घात होतो. गरज जागेजागी कशी बदलते, याचे हे जवळचे उदाहरण.

उरतो चौथा शब्द, पात्र. मुनिदानात पात्राचा विचार सूक्ष्म आहे. पण अनुकंपेने द्यावयाच्या दानात पात्रापात्रता पाहू नये, असे परंपरा मानते. मग पाड्यावर कोणाला द्यायचे? सर्वांना पुरेसे नसेल तेव्हा निवड करावीच लागते. ती टेम्पोवर उभे राहून, चेहरे पाहून करता येत नाही. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाचा मुलगा बोटीवरून परतलेला नाही, कोणती म्हातारी एकटी राहते, हे आशा कार्यकर्तीला आणि अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते. रस्त्यापासून लांबचा पाडाही त्यांना ठाऊक असतो, जेथे टेम्पो कधीच पोचत नाही. त्यांची यादी घ्यावी, पिशवी रात्री वा सकाळी घरपोच व्हावी, आणि नेऊन देणारा शक्यतो पाड्यावरचाच असावा. शासनाने २०२० मध्ये जाहीर केलेल्या खावटी अनुदानात प्रत्येक कुटुंबाला ४००० रुपये ठरले होते, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. रोख रक्कम देताना पुष्कळांना भीती वाटते की ती दारूत जाईल. काहींची जाईलही. पण मीठ आधी की औषध आधी, हे ठरवण्याचा मान त्या घरच्या बाईला मिळतो तो रोख रकमेनेच.

डहाणू रोडच्या व्यापारी घरांना हे सारे करण्यासाठी नवी संस्था काढण्याची आवश्यकता नाही. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीत एका पाड्याचे एक खाते उघडावे. एकच पाडा, पण दहा वर्षांसाठी. त्यात आषाढात काय दिले ते लिहावे, आणि त्याच्या समोरच्या रकान्यात भाद्रपदात जाऊन विचारलेले उत्तर लिहावे: काय उपयोगी पडले, काय पडून राहिले, काय मागितले होते आणि दिले गेले नाही. परदेशातल्या नातवंडांना सुट्टीत पाड्यावर नेण्याआधी ती पाने वाचायला द्यावीत. मालाचा असा हिशेब घरात रोज होतोच. दानाचा हिशेब त्याच काटेकोरपणे ठेवला, तर पुढच्या आषाढात टेम्पोत कोणता माल चढवायचा हे विचारण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. ज्याला तो हवा आहे, तो मीठ घ्यायला दुकानाच्या पायरीशी येतच असतो.